घड, कळप, गर्दी : समूहाचं इंग्रजी कसं शिकायचं

तासगाव भागात द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये जाणाऱ्या मुली आणि नुकतीच बारावी झालेली पोरं संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला बसतात. समूहदर्शक शब्द आले की सगळ्यांचे चेहरे उतरतात, कारण गाइडमध्ये त्यांची लांबलचक यादी असते आणि पाठ केलेली यादी बोलताना ओठावर येत नाही. तुमच्याकडे अशी यादी असेल तर ती मिटून ठेवा आणि घरातल्या वस्तूंपासून सुरुवात करा.

द्राक्षांचा घड, चाव्यांचा जुडगा, कडब्याची पेंढी, उसाची मोळी, भाकरींची चवड. इतके वेगळे शब्द आपण न शिकता वापरतो. आता प्रत्येकाला विचारा, हे एकत्र कशानं धरलंय? देठानं किंवा मुठीनं धरलेलं असेल तर बंच. द्राक्षं, चाव्या, फुलं, कोथिंबीर सगळी त्यात आली. दोरीनं बांधलेलं ते बंडल, म्हणून मोळी आणि गठ्ठा तिकडे. कापून बांधलेल्या धाटांची पेंढी म्हणजे शीफ. एकावर एक नीट रचलेलं ते स्टॅक, मग त्या भाकरी असोत नाहीतर वह्या. कसंही ओतलेलं ते हीप. पाइल दोन्हीकडे चालतो, अडलात तर तोच वापरा. केळ्यांची गंमत तर बघाच : फणीला इंग्रजीत हँड म्हणतात आणि एकेका केळ्याला फिंगर.

जनावरांपाशी थोडं सावध राहा. आपला कळप गाईंनाही चालतो आणि मेंढरांनाही. इंग्रजीत गाई, म्हशी, हरणं, हत्ती यांचा हर्ड होतो आणि मेंढरांचा फ्लॉक. धनगराच्या मेंढरांना जो शब्द, तोच पाखरांच्या थव्यालाही. कुत्र्यांचं पॅक, मधमाश्यांचं स्वॉर्म, माशांचं शोल. एवढ्यावर रोजचं काम भागतं. कावळ्यांचं 'मर्डर', सिंहांचं 'प्राइड' असले शब्द शिकाऱ्यांच्या जुन्या याद्यांतून आलेत. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स या गावी 1486 साली छापलेल्या पुस्तकात अशी मोठी यादी आहे. त्यातला प्राइड टिकला, पण कावळ्यांना तिकडचे लोकही साधं फ्लॉक म्हणतात. स्पर्धा परीक्षेला बसणार असाल तरच बाकीचे बघा.

खरा वेळ द्यावा तो माणसांच्या शब्दांना, कारण इथं चुकीचा शब्द कुणाला तरी लागतो. तासगावच्या गणपतीचा रथ ओढायला लोटतात ते क्राउड. मॉब म्हणजे बिथरलेला जमाव. भक्तिभावानं आलेल्या माणसांना तो शब्द लावू नका. ऊसतोडीचीही टोळी आणि दरोडेखोरांचीही टोळीच. गँग शब्दाचंही तसंच आहे, रेल्वेचे रूळ सांभाळणारे गँगमन त्यातूनच आले. पण आज नुसतं गँग म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात गुन्हेगार येतात. म्हणून फडात राबणाऱ्या माणसांना 'अ टीम ऑफ केन कटर्स' म्हणा. कष्टकऱ्यांचा उल्लेख मानानंच व्हायला हवा, भाषा कुठलीही असो.

मग आपल्या बोलण्यात मुरलेले शब्द. 'यात्रेला खूप पब्लिक होती' याचं इंग्रजी 'देअर वॉज अ ह्यूज क्राउड'. द पब्लिक म्हणजे सर्वसामान्य जनता. 'एसटीला लई रश होता' हे 'द बस वॉज व्हेरी क्राउडेड'. आणि गॅदरिंग! आपल्याकडे ते म्हणजे स्नेहसंमेलन, नाच, नाटक, बक्षिसं. बाहेरच्या माणसाला त्यातून फक्त 'माणसं जमली' एवढंच कळतं. मुलाखतीत सांगताना 'ॲट अवर कॉलेज ॲन्युअल डे' म्हणा.

जमण्याची क्रियापदंही वेगवेगळी आहेत. पारावर माणसं आपसूक जमतात ते गॅदर. मंडळाची वर्गणी गोळा करायची ते कलेक्ट. ठरल्या वेळी, ठरल्या कामासाठी जमायचं ते असेंबल, जसं परिपाठाला मुलं जमतात; सुटे भाग जोडून यंत्र उभं करणं हेही असेंबलच. पाहुणेरावळे, मित्र जमले की गेट टुगेदर. गॅदर आणि टुगेदर एकाच जुन्या मुळातून आलेत, हे कळलं की दोन्ही शब्द सोबतच लक्षात राहतात.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात. त्या संगमाला इंग्रजीत कॉन्फ्लुअन्स म्हणतात. त्यातला लॅटिन 'कॉन' म्हणजे एकत्र आणि पुढचा भाग म्हणजे वाहणं. आपला 'सम्' जे करतो तेच हा कॉन करतो. समागमात म् दिसतो, संचयात त्याचा अनुस्वार होतो. तसाच कॉन हा कमिटीत 'कम्' होतो आणि कलेक्टमध्ये 'कल्'. काँग्रेस म्हणजे मुळात एकत्र चालत येणं. काँग्रिगेट म्हणजे एकत्र जमणं, कारण लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. ओला-सुका कचरा वेगळा करतो त्या सेग्रिगेटमध्ये तोच कळप आहे, त्यातून बाजूला काढणं. मार्कलिस्टवरच्या ॲग्रिगेटमध्येही तोच आणि माणसांत रमणाऱ्या ग्रिगेरियस माणसातही. एका मुळावर चार शब्द हाती लागतात, म्हणून मी हा धडा घाईनं कधी उरकत नाही.

व्याकरणाचं थोडक्यात. क्रियापद बहुतेक वेळा ऑफच्या आधीच्या शब्दाकडे बघतं : 'अ बंच ऑफ ग्रेप्स इज'. मात्र 'अ नंबर ऑफ फार्मर्स आर' आणि 'द नंबर ऑफ फार्मर्स इज'. पोलीस आणि कॅटल यांना कायम आर. टीमला इंग्लंडमध्ये आरही लावतात, आपण परीक्षेत इज लिहावं. फर्निचर आणि लगेजला शेवटी एस नको.

सरावासाठी आठवडी बाजार गाठा. दिसेल त्या ढिगाला, जुडीला, घोळक्याला आधी मराठी नाव द्या, मग मनातल्या मनात इंग्रजी. अडलं तर ग्रुप म्हणून पुढे चला, पण तो मराठी शब्द वहीत टिपून ठेवा आणि रात्री शब्दकोशात त्याची जोडी शोधा.