चाळिशीनंतर वजन उतरवताय? या चुका टाळा

चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना वजन उतरवता येत नाही, असं म्हणतात ते खरं नाही. बहुतेकांनी ते एकदा तरी उतरवलेलं असतं. कधी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून दम भरला म्हणून, कधी जुने कपडे अंगाला होईनात म्हणून. दोन-तीन महिन्यांत पाच-सहा किलो जातात, ओळखीचे लोक कौतुक करतात, आणि वर्षभरात सगळे किलो परत येतात, बरेचदा वर एखाद-दोन जास्तीचे. मग माणूस स्वतःलाच दोष देतो, 'मनाचा निग्रहच नाही माझ्यात' म्हणतो. हे ऐकलं की वाईट वाटतं, कारण तीन महिन्यांपलीकडे कुणालाच निभावता येणार नाही असा उपाय त्याच्या गळ्यात मारलेला असतो.

या वयात कुठलाही डाएट किंवा व्यायाम निवडताना 'याने किती उतरेल' हे नंतर बघा. आधी विचारा: पुढच्या वर्षी, कामाचा डोंगर असताना, घरात कुणाचं आजारपण असताना मी हे करत असेन का? उत्तर 'नाही' असेल तर तो उपाय आजच सोडून द्या.

सगळं खापर मेटाबॉलिझमवर फोडणं

'वय झालं, मेटाबॉलिझम मंदावला' हे वाक्य इतकं रुळलंय की त्यावर कुणी शंकाच घेत नाही. मेटाबॉलिझम म्हणजे शरीर ऊर्जा खर्च करतं तो वेग. 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात 29 देशांतल्या 6,400 हून अधिक लोकांची मोजमापं प्रसिद्ध झाली. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण लक्षात घेतलं, तर 20 ते 60 या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. उतार लागतो तो साठीनंतर, आणि तोही वर्षाला साधारण 0.7 टक्के इतका हळू.

मग पोट का सुटतं? हालचाल कमी होते. बसून करायचं काम वाढतं. स्नायू झिजतात, तिशीनंतर दर दशकाला ही झीज 3 ते 8 टक्के होते असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. झोप तुटते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकते, त्यामुळे काटा तोच दाखवत असतानाही कंबर वाढते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर आपल्याला काही ना काही करता येतं. मेटाबॉलिझम मेलाच, असं धरून चाललं की माणूस एकतर नाद सोडतो, नाहीतर उपाशी राहायला लागतो.

एकदम फार कमी खाणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला. त्यांना दिवसाला सुमारे 1,570 कॅलरी मिळत. आज अनेक डाएट चार्टमध्ये याहून कमी कॅलरी लिहिलेल्या असतात. त्या तरुणांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. पण ते सतत गारठलेले, चिडचिडे असत, आणि डोक्यात दिवसभर खाण्याशिवाय दुसरा विषय नसे. पुढे जेवण मोकळं झाल्यावर त्यांची भूक आवरेना. शरीरातली चरबी पूर्वीपेक्षाही वर गेली. ही धडधाकट, निवडलेली मुलं होती. त्यांना जे निभावलं नाही ते नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला निभावावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरा दाखला अलीकडचा. वजन उतरवण्याच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. 2016 मध्ये ते निष्कर्ष आले. 13 जणांचं वजन कमी-अधिक परत आलं होतं, आणि त्यांची शरीरं विश्रांतीत दिवसाला सरासरी 500 कॅलरी अपेक्षेपेक्षा कमी खर्च करत होती.

मध्यमवयात यात आणखी एक तोटा असतो. घाईने वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. वजन परत येतं तेव्हा मात्र मुख्यतः चरबी येते, कारण या वयात स्नायू आपोआप भरून येत नाहीत. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की काटा जुनाच आकडा दाखवतो, पण आतलं शरीर बदललेलं असतं: ताकद कमी, चरबी जास्त. फार वेगाने वजन उतरवल्याने पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

आठवड्याला अर्धा किलो, किंवा त्याहून थोडं कमी, हा वेग पुरेसा आहे. आणि सुरुवातीचं लक्ष्य वजनाच्या 5 ते 7 टक्के ठेवा. हे किरकोळ वाटतं, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत (2002, सरासरी वय 51) सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल एवढंच लक्ष्य दिलेलं होतं. त्या गटात सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, आणि साठीपुढच्या लोकांत तर 71 टक्क्यांनी. 80 किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. एवढ्यावर समाधान मानायला लोक तयार नसतात, आणि तिथेच घोडं अडतं.

नुसतं चालणं

चालणं उत्तम आहे, ते सोडू नका. पण चालण्याने स्नायूंची झीज पुरेशी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनातही आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचालीच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाचे सांगितले आहेत. हा दुसरा भाग बहुतेक जण वाचतच नाहीत.

जिमला जाणं जमत नसेल तर खुर्चीपासून सुरू करा. हात नसलेली, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. कडेशी बसा. पावलं कमरेइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर दुमडा. आता छाती थोडी पुढे झुकवा, भार टाचांवर येऊ द्या आणि उठा. उठताना गुडघे आत वळत असतील तर मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवा. बसताना मनात एक-दोन-तीन मोजत सावकाश बसा; धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया जातो. आठ ते दहा वेळा केल्यावर शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. गुडघे कुरकुरत असतील तर खाली जाड उशी ठेवून बैठक उंच करा. बारा वेळा सहज जमायला लागलं की छातीशी पुस्तकांनी भरलेली पिशवी धरा.

याला भिंतीवरचे पुश-अप्स आणि रबरी पट्टा ओढण्याचा एखादा प्रकार जोडा. आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटं. भार हळूहळू वाढवत नेणं महत्त्वाचं, कारण तेच वजन तितक्याच वेळा वर्षभर उचललं तर शरीराला स्नायू वाढवायचं कारण उरत नाही. हृदयविकार असेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

याच्या जोडीला प्रथिनं लागतात. प्रौढांसाठी वजनाच्या किलोमागे 0.8 ग्रॅम हा किमान आकडा आहे. वय वाढलेल्यांसाठी अनेक तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सुचवतात. 70 किलोच्या व्यक्तीला म्हणजे 70 ते 84 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात, यावरून अंदाज घ्या. डाएटवर असताना बऱ्याच जणांचं खाणं याच्या जवळपासही जात नाही. डाळी, कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण स्वतःच्या मनाने वाढवू नये.

'मी तर काहीच खात नाही'

असं म्हणणारे खोटं बोलत नसतात. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डाएट करूनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्यांचं खाणं नेमकं मोजलं गेलं. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी होतं, आणि हालचाल 51 टक्के जास्त सांगितलेली होती. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेलं संपवणं, रात्री फ्रिजचं दार उघडून उभ्याउभ्याच तोंडात टाकलेला घास, चहासोबतचं काहीतरी. आपल्या लेखी हे जेवण नसतंच, त्यामुळे आठवतही नाही.

कायम हिशेब ठेवत बसायची गरज नाही. चार दिवस, त्यात एक सुट्टीचा, तोंडात गेलेलं सगळं तिथल्या तिथे लिहा. रात्री आठवून लिहिलंत तर निम्मं सुटतं. आणि मनगटावरचं घड्याळ सांगतं म्हणून तेवढ्या कॅलरी परत खाऊ नका. 2017 मध्ये सात उपकरणं तपासली, तेव्हा त्यांतलं सर्वांत बरं उपकरणही कॅलरींच्या बाबतीत सरासरी 27 टक्के चुकत होतं.

काट्याच्या रोजच्या आकड्यावर मूड ठरवणं

पहिल्या आठवड्यात झरझर उतरतं ते बरंचसं पाणी. शरीरात साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे साखरेच्या साठ्यासोबत) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं; खाणं कमी झालं की दोन्ही जातात. नंतर खारट जेवण, बद्धकोष्ठता, पाळी, नव्या व्यायामाने सुजलेले स्नायू, कशानेही एका रात्रीत किलोभर वर-खाली होतं. सकाळी उठल्यावर वजन करा, पण बघा ती आठवड्याची सरासरी. शिवाय महिन्यातून एकदा कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी.

सरासरी चार आठवडे हलली नाही तरच काटा अडला म्हणा. तेव्हा आधी वर सांगितलेली चार दिवसांची नोंद पुन्हा करा. मग दिवसाला किती पावलं चालता ते बघा. कमी खाणारा माणूस नकळत कमी हलतो. ते ठीक असेल तर हेही लक्षात घ्या की हलक्या झालेल्या शरीराला लागतंच कमी. मग थोडं खाणं कमी किंवा थोडं चालणं जास्त, एका वेळी एकच बदल करा. कंबर उतरतेय आणि वजन तेच असेल तर काहीच बदलू नका.

झोप आणि औषधं

2010 च्या एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात दहा जणांना सारखंच कमी खाणं दिलं. एकदा झोपेला साडेआठ तास, एकदा साडेपाच. वजन जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी 55 टक्के कमी गेली आणि बाकीचं स्नायूंसारख्या भागातून गेलं. म्हणजे पहाटे चारला उठून व्यायाम करायचा आणि रात्री बाराला झोपायचं, हा सौदा तोट्याचा. मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास मधेमधे थांबण्याच्या विकाराची) तपासणी करून घ्या.

थायरॉइड तपासा. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड्स, नैराश्यावरची काही औषधं यांनी वजन वाढू शकतं. ती परस्पर बंद करू नका, पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची औषधं चालू असताना खाणं कमी केलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणून डोसबद्दल आधीच बोला. काही न करता वजन घटत असेल तर खूश होऊ नका, तपासणी करा.

आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल. 2021 च्या चाचणीत सेमाग्लुटाइड या अशाच औषधाने 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं. बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. ते घेण्यात कमीपणा काहीच नाही. पण 'सहा महिने घेऊन सोडून देऊ' हा विचार करून सुरू करू नका, आणि स्नायूंचा व्यायाम त्यासोबतही हवाच.

वाईट आठवड्याची तयारी न ठेवणं

बहुतेकांचं वेळापत्रक चांगल्या आठवड्यासाठी बनवलेलं असतं. प्रवास, ताप, वर्षअखेरची कामं आली की ते कोसळतं, आणि 'आता पुढच्या महिन्यापासून' सुरू होतं. त्याऐवजी एक किमान यादी आजच ठरवून ठेवा: दहा वेळा खुर्चीतून उठणं, पंधरा मिनिटं चालणं, प्रत्येक जेवणात प्रथिनं. अशा आठवड्यात एवढंच, आणि वजन उतरण्याची अपेक्षा शून्य.

वजन टिकवण्याचाही सराव लागतो. दर तीन-चार महिन्यांनी महिनाभर उतरवणं थांबवा आणि आहे ते वजन फक्त राखून दाखवा. पुढे आयुष्यभर तेच करायचं आहे. हवं तिथे पोहोचल्यावर एक रेघ आखा, समजा दोन किलो वर. आठवड्याची सरासरी ती रेघ ओलांडेल त्या दिवशी चार दिवसांची वही पुन्हा काढा.