घरचा व्यायाम कधी बदलायचा आणि किती

रोज तेच २० जोर आणि ४० बैठका मारून कंटाळा आला म्हणून लगेच सगळं बदलू नका, कंटाळा येणं वेगळं आणि शरीराला सवय होणं वेगळं. वहीत आकडे लिहा, किराण्याच्या हिशोबाची वहीसुद्धा चालते. दोन-तीन आठवडे आकडा हलत नसेल किंवा शेवटचे पाच जोर गप्पा मारत निघत असतील, तर बदला. तसं होत नसेल तर ४ ते ६ आठवडे एकच रूटीन धरा, दर सोमवारी नवा व्हिडिओ बघून नवं काहीतरी केलं की वाढ कुठे होतेय तेच कळत नाही.

बदलायचं म्हणजे मूळ व्यायाम तोच, फक्त थोडा अवघड. जोर सोपे वाटतायत? पाय सोफ्यावर ठेवा, किंवा खाली जाताना मनात तीन मोजत सावकाश जा, आठव्यालाच हात थरथरतात की नाही बघा. बैठकांना पाठीवर सॅक आणि आत ५ किलो पीठ, पण पिशवी डबल घ्या हं, माझी फुटली आणि अर्धा तास फरशी पुसत बसले. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आमच्या बडोद्यात नवरात्रात मी बैठका निम्म्यावर आणते, नऊ रात्री गरबा खेळून पिंडऱ्या तशाच भरलेल्या असतात, तेव्हा हात आणि पोटाचं करायचं. मे महिन्यात गच्चीवर सकाळी सातच्या आतच. गुडघा किंवा खांदा टोचत दुखला तर मात्र तो व्यायाम सरळ बंद.