उत्खननाचं इंग्रजी शिकताना या चुका टाळा

उत्खननात निघालेल्या खापरांच्या पिशवीला एक चिठ्ठी बांधतात. स्थळाचं नाव, वर्ष, ट्रेंच (म्हणजे उत्खननासाठी खणलेला चर), थर, खोली, तारीख. माझ्या पहिल्या हंगामात एका दुपारी मी अशा चाळीसेक चिठ्ठ्या लिहिल्या आणि थराच्या रकान्यात सगळीकडे ‘पिरियड १’ लिहून टाकलं. सर्वात वरचा थर म्हणजे पहिला, आणि पहिला म्हणजे पिरियड १, असा माझा सरळ हिशोब होता. दिवेलागणीपर्यंत बसून प्रत्येक गाठ सोडली आणि प्रत्येक चिठ्ठी नव्यानं लिहिली. ती तशीच राहिली असती तर वस्तीतली सर्वात शेवटची भांडी कागदावर सर्वात आधीची ठरली असती.

मराठी माध्यमातून पुरातत्त्वाकडे येणाऱ्या मुलामुलींच्या हातून आजही हीच चूक होताना मी पाहतो, म्हणून आधी तीच घेऊ. लेयर म्हणजे मातीचे थर, ते वरून खाली मोजतात, कारण कुदळीला आधी वरचा थर लागतो. पिरियड म्हणजे वस्तीचे कालखंड, ते खालून वर मोजतात, कारण माणूस आधी तळाशी राहिला. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली. तिथला पिरियड १ माळवा संस्कृतीचा, साधारण इ. स. पूर्व १६०० ते १४००. त्यावर पिरियड २ म्हणजे पूर्व जोर्वे (जोर्वे संस्कृतीचा आधीचा टप्पा), आणि सर्वात वर पिरियड ३ म्हणजे उत्तर जोर्वे, इ. स. पूर्व १००० ते ७०० च्या आसपासचा. म्हणजे लेयर १ च्या जवळ पिरियड ३ असतो, पिरियड १ नव्हे. वहीच्या पहिल्या पानावर ट्रेंचची उभी बाजू काढा. डावीकडे खाली जाणारा बाण काढून ‘लेयर’ लिहा, उजवीकडे वर जाणारा बाण काढून ‘पिरियड’ लिहा. हंगामभर ते पान उघडं ठेवा.

याला लागूनच लेव्हल आणि लेयर यांची गल्लत होते. लेव्हल म्हणजे मोजलेली उंची किंवा खोली, तर लेयर म्हणजे मातीचा खराखुरा थर. तो कधी तिरका असतो, कधी खड्ड्यात उतरतो. मॉर्टिमर व्हीलर १९४४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि तक्षशिलेला त्यांनी विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षण वर्ग भरवला. मोहेंजोदडोच्या आधीच्या खोदकामाबद्दल त्यांची तक्रार हीच होती, की तिथे थर न वाचता ठरावीक पातळीपासूनची खोली मोजली गेली. एकाच खोलीवरच्या दोन वस्तू एकाच काळाच्या असतील असं नाही. एक जमिनीवर पडलेली असेल, तर दुसरी नंतर कुणी खणलेल्या खड्ड्यात टाकलेली असेल.

‘शोध’ या एका शब्दाचे चार शब्द

आपल्या भाषेत शोध घेतात, शोध लावतात, शोध लागतो, आणि त्यावरून संशोधनही होतं. इंग्रजीत मात्र हे चार वेगळे शब्द आहेत: सर्च, इन्व्हेन्शन, डिस्कव्हरी, रिसर्च. नव्या मुलांच्या टिपणांत ‘अमक्यांनी हे स्थळ इन्व्हेंट केलं’ असं वाक्य हमखास येतं. इन्व्हेंट म्हणजे आधी नव्हतं ते घडवलं. स्थळाच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘बनावट रचलं’ असाही होऊ शकतो, आणि पुरातत्त्वात याहून गंभीर आरोप नाही.

‘आम्हाला एक भांडं मिळालं’ याचं ‘वुई गॉट अ पॉट’ होतं, तेही टाळा. अहवालात भांडं ‘वॉज रिकव्हर्ड फ्रॉम लेयर ४’ असतं, आणि स्थळ भांडी ‘यील्ड’ करतं. शेत पीक देतं त्याच चालीवर स्थळ वस्तू देतं. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे क्रियापद एकदा असं सांगितलं की तो विसरत नाही.

वस्तू कशी मिळाली हे सांगणारा शब्द चुकला तर शास्त्रच चुकतं. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा चार वस्तू सापडल्या. त्या उत्खननात निघाल्या नाहीत, गावातल्या एका माणसाला जमीन खणताना मिळाल्या. म्हणून त्यांच्यासाठी ‘एक्स्कॅव्हेटेड’ लिहायचं नाही. ‘चान्स फाइंड’ (योगायोगानं सापडलेली वस्तू) किंवा ‘हॉर्ड’ (एकत्र सापडलेला साठा) लिहायचं. त्या कुठल्या थरातल्या हे कुणी नोंदवलेलं नसल्यामुळेच त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद राहिले. आणि हॉर्डचं स्पेलिंग एच-ओ-ए-आर-डी. एच-ओ-आर-डी-ई लिहिलंत तर त्याचा अर्थ माणसांची झुंड होतो.

एक्स्प्लोरेशन आणि एक्स्कॅव्हेशन

भारतीय अहवालांत ‘एक्स्प्लोरेशन’ म्हणजे न खणता केलेली पाहणी. नांगरट झालेल्या शेतातून ओळीनं चालायचं, खापरं आणि दगडी हत्यारं टिपायची, टेकाडाचा विस्तार मोजायचा. ब्रिटिश लेखनात यालाच बहुधा ‘सर्व्हे’ किंवा ‘फील्ड वॉकिंग’ म्हणतात. खणायला लागलात की ते ‘एक्स्कॅव्हेशन’, आणि त्यासाठी परवाना लागतो. त्यामुळे अर्जात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणं फार महागात पडतं.

खरा चकवा पुढे आहे. ‘द केव्ह्ज वेअर एक्स्कॅव्हेटेड इन द सेकंड सेंच्युरी बीसी’ हे वाक्य अजिंठ्याबद्दल वाचलं की नवा वाचक गोंधळतो. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात कुठलं उत्खनन? इथे एक्स्कॅव्हेटेड म्हणजे डोंगरात कोरली, खोदली. आपणही ‘लेणी खोदली’ म्हणतोच. कर्ता भिक्षू, दाता किंवा राजा असेल तर अर्थ कोरणं. कर्ता विद्यापीठ किंवा सर्वेक्षण खातं असेल तर अर्थ उत्खनन. लेण्यांवरच्या इंग्रजी लेखांत हे दोन्ही अर्थ कधी कधी एकाच पानावर येतात.

खापरांच्या ढिगाजवळ

इथले शब्द सोपे दिसतात आणि म्हणूनच फसवतात. फॅब्रिक म्हणजे कापड नव्हे, भांड्याच्या मातीचा पोत. टेंपर म्हणजे राग नव्हे. कुंभार मातीत वाळू, राख, लीद मिसळतो, ती मिसळण. स्लिप म्हणजे भाजण्याआधी दिलेला पातळ मातीचा लेप. फुटक्या भांड्याच्या तुकड्याला पुरातत्त्वात ‘शर्ड’ म्हणतात, ‘शार्ड’ हा शब्द काचेच्या तुकड्यासाठी राखून ठेवलेला बरा.

‘ब्लॅक ऑन रेड’ आणि ‘ब्लॅक अँड रेड’ यांतला फरक मात्र हातात खापर घेऊनच शिका. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झालं आणि त्या गावाच्या नावानं ओळखली जाणारी भांडी जगाला माहीत झाली. ती लाल आहेत आणि त्यांवर काळ्या रंगात नक्षी काढलेली आहे. बोटानं टिचकी मारली तर धातूसारखी खणखणतात. हे झालं ब्लॅक ऑन रेड. नागपूरजवळच्या माहुरझरीसारख्या महापाषाणीय, म्हणजे मोठे दगड रचून केलेल्या दफनांच्या, स्थळांवरची ब्लॅक अँड रेड भांडी वेगळी. ती आतून आणि काठाशी काळी, बाहेरून खाली लाल असतात. हा रंग कुणी ब्रशनं दिलेला नाही, तो भट्टीतल्या भाजण्यातून येतो. एका छोट्या शब्दाच्या बदलानं दोन वेगळ्या काळांतली, दोन वेगळ्या रीतीची माणसं एकत्र मिसळतात.

आपलेच शब्द मागे ठेवून जाणं

ही चूक मला सर्वात जास्त लागते. मुलं ‘सायलो’ पाठ करतात, ‘वॉटल अँड डॉब’ पाठ करतात, शब्दकोशातला अर्थ समोर लिहितात, आणि ट्रेंचमध्ये ती गोष्ट समोर आली तरी ओळखत नाहीत. सायलो म्हणजे पेव, ज्यात आपल्याकडे धान्य साठवायचे. इनामगावला अशी पेवं सापडली आहेत. वॉटल अँड डॉब म्हणजे कुडाची भिंत, म्हणजे काटक्या किंवा कामट्या उभारून वर मातीचा गिलावा. पोस्ट होल म्हणजे मेढ रोवल्याचा खड्डा, लाकूड कुजून गेलं तरी वेगळ्या रंगाच्या मातीनं दिसणारा. हार्थ म्हणजे चूल. सॅडल क्वर्न म्हणजे पाट्याचा पूर्वज. त्याला जातं म्हणू नका, गोल फिरणाऱ्या जात्याला रोटरी क्वर्न म्हणतात. आणि ‘हॅबिटेशन डिपॉझिट’ या भारदस्त शब्दासाठी आपल्या गावांत ‘पांढरी’ आहे. काळी ती शेताची आणि पांढरी ती वस्तीची, हे आजोबांना माहीत होतं. जुन्या वस्तीची राखट माती खत म्हणून शेतात टाकायला गाड्या भरभरून नेली जायची, आणि त्यात कित्येक टेकाडं संपली.

तेव्हा इंग्रजी शब्दासमोर आधी असा घरातला शब्द लिहा, मग चित्र काढा, शब्दकोश त्यानंतर.

तारखा

‘बीपी’ म्हणजे बिफोर प्रेझेंट, आणि हे ‘प्रेझेंट’ १९५० सालावर पक्कं केलेलं आहे. रेडिओकार्बनची, म्हणजे कोळसा-हाडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली, तारीख ‘३२०० बीपी’ असेल तर ती ढोबळमानानं इ. स. पूर्व १२५० होते, आणि कॅलिब्रेशननंतर, म्हणजे ती खऱ्या वर्षांशी जुळवून घेतल्यावर, आणखी थोडी सरकते. ती ३२०० बीसी समजलात तर जोर्वेची माणसं सिंधू संस्कृतीच्याही आधी नेऊन बसवाल. तारखेआधी नुसतं ‘सी’ आणि टिंब असेल तर ते सर्का, म्हणजे ‘सुमारे’. सेंच्युरी नव्हे. शिवकाळातल्या किल्ल्याला ‘एन्शंट’ म्हणू नका. ‘अर्ली हिस्टॉरिक’ हे कालखंडाचं नाव आहे, आपल्याकडे त्यात सातवाहनांचा काळ येतो.

उच्चारांचं थोडक्यात: चाल्कोलिथिक नाही, कॅल्कोलिथिक (ताम्रपाषाणयुगीन). डेब्रिस नाही, डेब्री. ट्रॉवेल नाही, ट्राउअल. एक स्ट्रॅटम (थर), अनेक स्ट्रॅटा.

वाचताना अडलात तर

अहवालातलं वाक्य कळलं नाही की आपण अवघड शब्दावर बोट ठेवतो. बहुतेक वेळा अडचण सोप्या शब्दात असते: कट (कापलेला खड्डा), फिल (त्यात भरलेली माती), सील्ड (वरून झाकलेलं), सेक्शन (ट्रेंचची उभी बाजू), फीचर (चूल, खड्डा यांसारखी उचलून नेता न येणारी खूण), नॅचरल (माणसाचा हात न लागलेली माती). ‘अ पिट कट थ्रू लेयर ५ अँड सील्ड बाय लेयर ३’ हे वाक्य घ्या. खड्डा थर ५ कापून गेला, म्हणजे तो त्या थराच्या नंतरचा. थर ३ नं त्याचं तोंड झाकलं, म्हणजे त्या थराच्या आधीचा. आधी-नंतरचा सगळा हिशोब दोन क्रियापदांत आहे. असं वाक्य आलं की समासात लगेच खड्डा काढा. चित्र काढता आलं तर वाक्य कळलं.

आणि चिठ्ठी लिहिताना नेमका शब्द आठवला नाही, तर अंदाजानं इंग्रजी शब्द घालू नका. ‘चूल’ लिहा, ‘मेढीचा खड्डा’ लिहा, देवनागरीत, ठळक. संध्याकाळी नोंदवहीत त्याचं इंग्रजी करता येतं. चुकीचा शब्द घेऊन पिशवी भांडारात गेली की ती दुरुस्त करायला तिथे कुणी नसतं.