मागून धडक, मानेला मुका मार: भरपाईचा दावा कसा करावा

नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५३ वर मागून धडक बसलेल्या गाडीतला माणूस पुष्कळदा आपल्या पायांनी खाली उतरतो, बंपर किती चेपला ते पाहतो, मागच्या चालकाशी चार-दोन हजारांवर मिटवतो आणि घरी जातो. मान धरते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. धडकेसरशी धड पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर मागेच राहते आणि त्या हिसक्यात मानेचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात. हाड मोडलेले नसल्यामुळे एक्स-रे बहुधा निर्दोष येतो आणि त्यामुळे दाव्याचा सगळा भार कागदांवर पडतो. ते कागद पहिल्या दोन-तीन दिवसांतच तयार व्हावे लागतात.

दुखणे किरकोळ वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि अपघात झाल्याचे स्पष्ट सांगून एमएलसी (पोलीस-प्रकरण म्हणून रुग्णालयाने करायची वैद्यकीय-कायदेशीर) नोंद करून घ्यावी. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल पडली असेल, तर विलंब न लावता मोठे रुग्णालय गाठावे. केसपेपरवर ‘मागून वाहनाची धडक, मानेत वेदना’ असे लिहिले आहे की नाही, हे तिथल्या तिथे वाचून पाहावे. घाईत कोणी ‘गाडीवरून पडला’ एवढेच लिहिले, तर विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत नेमके तेच वाक्य पुढे करतात. पुढे फिजिओथेरपीच्या तारखांत दोन महिन्यांचा खंड पडला, तरी दुखणे तेव्हाच बरे झाले होते असा युक्तिवाद हमखास होतो. म्हणून मेडिकलची बिले, मानेच्या पट्ट्याची (कॉलरची) पावती आणि बुडालेल्या रोजाचा मालकाचा दाखला एकाच फाइलमध्ये ठेवावा.

पोलीस ठाण्यात फिर्याद देणे टाळू नये. मागच्या वाहनाचा क्रमांक, दोन्ही गाड्यांच्या चेपलेल्या भागांचे फोटो आणि घटनास्थळाचा पंचनामा यांवरच चूक कोणाची हे ठरते. भारतीय न्याय संहितेनुसार इजेमुळे १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा नेहमीची कामे करता आली नाहीत, तर ती गंभीर दुखापत ठरू शकते (जुन्या दंड संहितेत ही मुदत २० दिवसांची होती). मुक्या माराच्या रुग्णासाठी ही तरतूद मोलाची आहे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला (भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाला) द्यायचा असतो. तो गेला का, याची चौकशी स्वतः करावी.

मागच्या वाहनाने पुरेसे अंतर राखणे हे त्याचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निशान सिंग प्रकरणात मान्य केले आहे. तथापि तुमचेच ब्रेकलाइट बंद असतील, किंवा कापूस भरलेल्या ट्रॉलीला रात्री मागे लाल दिवा नसेल, तर तुमच्याही वाट्याला दोष येऊन भरपाई तेवढ्या प्रमाणात कापली जाते.

दावा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली याच न्यायाधिकरणात दाखल होतो. अपघात साक्रीजवळ झाला आणि तुम्ही चोपड्याचे असाल, तर धुळ्याला खेटे घालण्याची सक्ती नाही, कारण राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही दावा चालतो. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर बसू नये. चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. मात्र ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो, म्हणून आधी हिशोब मांडावा.

तो हिशोब अपंगत्वाच्या नुसत्या टक्क्यांवर होत नाही. २०११ च्या राज कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कमाईची क्षमता किती घटली हे पाहायला सांगितले आहे. त्याच मानेच्या दुखण्याने कारकुनाचे काम फारसे अडत नाही, पण रावेरला केळीचे घड खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहणाऱ्या मजुराचे पोटच त्या मानेवर असते. समजा तो ३४ वर्षांचा आहे, महिन्याला १५,००० रुपये मिळवतो आणि त्याची कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटल्याचे न्यायाधिकरणाने मानले. वर्षाचे ३६,००० रुपये आणि वयानुसार गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचे तो आकडा) १६, म्हणजे ५,७६,००० रुपये होतात. भविष्यातील उत्पन्नवाढीचे ४० टक्के धरले तर ८,०६,४००. उपचारखर्च आणि वेदनांची भरपाई त्याखेरीज असते. यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागते, आणि माझ्या मते निम्मे दावे इथेच दुबळे पडतात, कारण वकील नुसता कागद जोडून मोकळे होतात.

वकिलाने भरपाईत टक्केवारी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी आधी ठरवून घ्यावी. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड करायची झाल्यास उपचार पूर्ण होण्याआधी सही करू नये. निकाल पटला नाही आणि वादाची रक्कम एक लाखाहून कमी नसेल, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात अपील करता येते.