आधी नुसतं पाणी तापवून बघा

माणक्या (स्क्विड) साफ करताना शाईची पिशवी फुटली की आई करवादते. सिंक काळं, बोटं काळी. त्या शाईतलं मेलानिन हे रंगद्रव्य प्रकाश पिऊन तापतं, हे मला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी कळलं आणि मी याच विषयात अडकलो.

विषय असा: अशा रंगद्रव्याचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) कॅन्सरच्या गाठीत पोचवायचे, वर लेझर टाकायचा, तापलेल्या कणांनी गाठीतल्या पेशी मारायच्या. लेझर बहुधा 808 नॅनोमीटरचा, कारण तिथे रक्त आणि पाणी प्रकाश कमी खातात. तरी तो शरीरात फार खोल जात नाही. पोटातली गाठ बाहेरून तापवू, असं मुलाखतीत बोलू नका. मी बोललो होतो.

नवख्यांनी पॉलिडोपामिनपासून, म्हणजे डोपामिनपासून लॅबमध्ये बनणाऱ्या मेलानिनसारख्या रंगद्रव्यापासून, सुरुवात करावी. स्वस्त आणि सोपं. शिनाण्या (शिंपल्यातले मसल) खडकाला ज्या प्रथिनांनी चिकटतात, त्यांच्यावरून 2007 मध्ये याचा लेप पुढे आला. कण करायचे तर पाणी, इथेनॉल आणि अमोनियात डोपामिन टाकून उघडं ढवळत ठेवायचं. द्रावण पिवळट, मग तपकिरी, सकाळी पाहावं तर काळंकुट्ट. अमोनिया वाढवला की कण लहान होतात. बीकर आणि ढवळायचे मॅग्नेटही काळे होतात, तेव्हा दुसऱ्याचे घेऊ नका.

पहिल्या महिन्यात माझं द्रावण लेझरखाली पाच मिनिटांत 70 अंशांवर जायचं. मी हवेत. लॅबमधल्या ताईने क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक नळीत) नुसतं पाणी भरलं, लेझर लावला. आकडा 50 च्या वर! "पाण्यात कुठले कण रे?" थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) टोक थेट किरणाच्या वाटेत होतं; तापत होती ती तार. महिन्याची वही बाद. तेव्हापासून टोक किरणापासून बाजूला आणि रोज पहिलं रीडिंग साध्या पाण्याचं.

दुसरी खोड मिठाची. शुद्ध पाण्यात आठवडाभर तरंगणारे कण सलाइनमध्ये रात्रीत तळाशी बसू शकतात. पेशींवर टाकण्याआधी हे तपासा. कणांवर पेगचा (पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचा) लेप दिला तर बरेचदा निभावतं.

आणि चष्मा. 808 चा ठिपका डोळ्याला जेमतेम लालसर दिसतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही. आपल्या लेझरची तरंगलांबी चष्म्यावर छापलेली आहे का, ते वाचा. माझ्या खणात सहा महिने हिरव्या लेझरचा चष्मा होता, आणि मी तो रोज न चुकता लावत होतो.