काढता-घालता येणारी विंच लोडवर अडत होती : माझा अनुभव

थारच्या मागच्या रिसीव्हरमध्ये (मागच्या चौकोनी खोबणीत) पिन घालून बसवायची विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारं बॅटरीवरचं यंत्र. रिकामी असताना दोर झकास गुंडाळायची. रुतलेली गाडी ओढायला लावली की सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच) नुसतं टकटक करायचं. बॅटरी बदलली, सोलेनॉइड बदललं, फरक शून्य. डोकं पिकलं.

शेवटी लोडवर मल्टिमीटर लावला: बॅटरीपाशी 12 व्होल्ट, विंचच्या टर्मिनलवर जेमतेम 9. विंचची अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर चासीच्या रंगवलेल्या बोल्टवर होती, रंगामुळे जोड नीट बसत नव्हता.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्हींसाठी 50 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल थेट बॅटरीपासून मागच्या बंपरपर्यंत ओढली. लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) हायड्रॉलिक क्रिंपरनेच (दाबयंत्रानेच) दाबा; हातोडीने ठोकलेले तापतात. पॉझिटिव्हवर बॅटरीलगत आयसोलेटर (करंट तोडायचा स्विच). बंपरवर 175 अँपिअरचा अँडरसन प्लग (जास्त करंटचा, काढता-घालता येणारा जोड), रबरी टोपीसकट, नाहीतर चिखल आत जातो. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडली. आता लोडवरही विंचपाशी 11 च्या वर व्होल्ट मिळतात.