हिरड्यांचे उपचार: दात, पोट आणि या चुका

"क्लिनिंग केलं की दात हलायला लागतात," हे रत्नागिरी-सिंधुदुर्गात अजून ऐकू येतं. दात हलतात ते हिरडीखालचं हाड झिजल्यामुळे. कीटणाने ते एकमेकांना धरून असतात. कीटण निघालं की हलणं उघड होतं, एवढंच.

मशेरीचं नुकसान याहून मोठं. तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, आणि लावणारीला वाटतं हिरड्या ठणठणीत आहेत. उपचारांनंतरही मशेरी सुटली नाही तर हिरडी नीट भरत नाही. डॉक्टरांपासून तरी ती लपवू नका.

आता पोट. आपण दिवसाला साधारण लिटरभर लाळ गिळतो, तिच्यासोबत तोंडातले जंतूही. बरेचसे जठरातल्या आम्लात मरतात, काही आतड्यापर्यंत पोचतात. हिरडीखालची सफाई झाली की पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जंतू तोंडात घटतात, हे नक्की. पण त्यामुळे गॅस-अ‍ॅसिडिटी जाईल ही आशा धरू नका; आतड्यातल्या बदलांवरचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. मधुमेहींचा फायदा मात्र मोजता येतो: तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी 0.4 टक्के-अंकांच्या आसपास उतरतं. साखरेची गोळी म्हणून सोडायची नाही.

हिरडी सुजली की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायचं, ही सवय मला सगळ्यात घातक वाटते. दाताला चिकटलेल्या जंतूंच्या थरात औषध नीट शिरत नाही, तो खरवडूनच काढावा लागतो. आतड्यातल्या चांगल्या जंतूंना मात्र त्याच गोळ्या झोडपतात, मग जुलाब. डॉक्टरांनी दिल्या तर ठरलेले दिवस घ्या, उरलेली पट्टी शेजारणीला देऊ नका.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्याही सांगितले तेवढेच दिवस, बहुधा दोन आठवडे. लांबवल्या तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते. शिवाय पालेभाजीतल्या नायट्रेटवर काम करणारे जिभेवरचे उपयोगी जंतू मरतात. त्यांची रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत होते. पेस्टने दात घासल्यावर लगेच ही गुळणी करू नका, अर्धा तास जाऊ द्या.

चाकरमान्यांचं वेगळंच: गणपतीत गावी क्लिनिंग उरकायचं आणि पुढच्या गणपतीला तोंड दाखवायचं. जंतू काही आठवड्यांत परत जमू लागतात. पायोरिया, म्हणजे हाड झिजवणारा हिरड्यांचा आजार, झालेल्यांना सुरुवातीला साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी लागते. गावच्या डॉक्टरांकडून एक्स-रे आणि कागद घ्या, मुंबईत जवळच्या डॉक्टरांना दाखवा.